भिंती नसलेला तुरुंग आणि दोन डोळे

'दो आँखें बारह हाथ' हा गुन्हेगारीपट आहे, असे कुणी म्हटले तर माणदेशात वाढलेला प्रेक्षकही क्षणभर बुचकळ्यात पडेल. १९५७ चा हा चित्रपट त्याच्या प्रार्थनेसाठी, बर्लिन महोत्सवातल्या रौप्य अस्वलासाठी आणि मानवतावादासाठी लक्षात राहिला. त्यातले सहा खुनी मात्र समीक्षेने अलगद बाजूला ठेवले. नीनो फ्रांक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ मध्ये ज्या अमेरिकी गुन्हेगारीपटांना 'काळा चित्रपट' म्हटले, त्यांच्या अभिजात कालखंडाची अखेर सामान्यतः १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'पाशी मानली जाते. काळाच्या हिशेबाने व्ही. शांतारामांची कृती त्यांची समकालीन ठरते. वर्गीकरणाच्या हिशेबाने ती 'बोधपट' या कप्प्यात पडून राहिली. कप्पे पाडणाऱ्यांना बोध लवकर दिसतो, रक्त उशिरा.

कथेचे मूळ औंध संस्थानात आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पुढे दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कथालेखक ग. दि. माडगूळकर याच मातीतले. जन्म शेटफळ्याचा, शिक्षणाचा काही काळ औंधातला. 'गीतरामायणा'च्या तेजात त्यांचे पटकथालेखन झाकोळले, ही तक्रार जुनीच आहे. पण गुन्ह्याच्या कथेत त्यांनी काय केले, हा प्रश्न त्या तक्रारीतही क्वचितच येतो.

त्यांनी भिंत काढली आणि तिच्या जागी नजर ठेवली. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा कैद्यांना उजाड माळरानावर नेतो. तिथे कुलूप नाही, पहारा नाही. तरी पळू पाहणाऱ्यांना ते दोन डोळे सोडत नाहीत. मिशेल फूकोचा 'शिस्त आणि शिक्षा' हा ग्रंथ १९७५ चा. तो वाचलेल्या आजच्या विद्यार्थ्याला येथे हर्षापेक्षा अस्वस्थता आधी जाणवावी. पहारेकरी कैद्याच्या आतच जाऊन बसला, तर सुटका कुणाची झाली? काळ्या चित्रपटातला नायक नियतीपासून पळतो. येथले सहाजण एका सज्जनापासून पळू शकत नाहीत. दोन्हीकडे वाट बंदच आहे, फक्त येथे तिला प्रेमाचे नाव आहे. या अर्थाने शांतारामांचा काळोख अमेरिकी काळोखाहून कमी दाट नाही. तो प्रार्थनेच्या सुरांखाली असल्यामुळे सहसा ऐकू येत नाही, इतकेच.

अर्थात हे वाचन पुरते न्याय्य नाही. डोळ्यांची ही प्रतिमा चित्रपटाची. स्वतंत्रपूरची भिस्त नजरेवर नव्हती. तेथे कैदी बायकामुलांसह राहत, जमीन कसत. माणसाला थांबवत होते ते चुलीचे आणि पिकाचे बंधन. पडद्यावर कुटुंब कडेला सरकले आणि मध्यभागी एक हुतात्मा आला. नाट्याला तो हवाच होता. पण त्यामुळे प्रयोगाचे श्रेय व्यवस्थेकडून व्यक्तीकडे गेले, आणि खुनाचा बळी ठरलेला माणूस, जो दोन्हीकडे गैरहजर आहे, तो आणखीच दूर राहिला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) याच संस्थानी मुलखाची. तेथे मास्तर शेवटी गाव सोडून जातो, मरत नाही.

आदिनाथ मात्र भाजीच्या बाजारातल्या वैरातून सुटलेल्या बैलांपुढे मरतो. प्रत्यक्षात अधिकाऱ्याची बदली होते, नवा येतो, नांगरट वेळेवर करावी लागते. स्वतंत्रपूर त्यावरच चालत राहिले.