गाइडच्या पिशवीत पंचांग

वेरूळच्या लेण्यांना मंगळवारी सुट्टी असते आणि अजिंठ्याला सोमवारी. छत्रपती संभाजीनगरची सहल आखणारा प्रत्येक जण आधी हे दोन वार पाहतो. मी पर्यटन खात्याच्या परवान्यावर काम करणारा गाइड आहे, त्यामुळे हे दोन वार मलाही झोपेत पाठ असतात. पण माझ्या पिशवीत एक पंचांग असतं आणि उर्दू तारखा असलेली एक दिनदर्शिकाही असते. कुणी सहलीसाठी फोन केला की मी आधी ही दोन्ही उघडतो. आमच्या भागात काय बघायचं हे दगडावर कोरलेलं आहे, ते पळून जात नाही. केव्हा यायचं आणि कुठं राहायचं हे मात्र तिथी आणि चाँद ठरवतात.

ठरलेला कार्यक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी दौलताबादचा किल्ला, मग धावत खुलताबाद, दुपारी वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वराचं दर्शन, उतरत्या उन्हात बीबी का मकबरा आणि पाणचक्की. दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि रात्रीच्या गाडीने परत. या दोन दिवसांत पाहुणा शहरातल्या हॉटेलात झोपतो आणि तिथंच जेवतो. वेरूळच्या वाट्याला पार्किंगची पावती येते आणि खुलताबादच्या वाट्याला फुलांची एक परडी. ज्या गावांच्या अंगणात जागतिक वारसा आहे त्या गावांना त्यातून एक वेळचं जेवणही वाढता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चौतीस लेण्यांचं वेरूळ आणि अजिंठा या दोघांनाही युनेस्कोने 1983 साली यादीत घेतलं. त्या यादीत खुलताबादचा उरूस नाही, पैठणचा रांजण नाही आणि डिसेंबरातली आगटीही नाही. माणूस रात्रीपुरता थांबतो तो मात्र याच गोष्टींसाठी.

खुलताबादपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय या गावावर झाला आहे. बाहेरच्या माणसाला इथली एकच कबर ठाऊक असते. गाडी थांबते, दहा मिनिटांत लोक परत येतात. मी त्यांना तिथून समोरच्या दर्ग्यात नेतो. चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनला आलेले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब इथं विसावले आहेत. त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी जवळच आहेत. तापीकाठचं बुऱ्हाणपूर आणि पलीकडच्या काठावरचं जैनाबाद ही नावं या दोघांवरून पडली, हे ऐकून खानदेशातली मंडळी चकित होतात. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजाम याच परिसरात आहे. ज्याने 1610 साली खडकी वसवली, म्हणजे आजच्या शहराचा पाया घातला, त्या मलिक अंबरची कबर गावाच्या कडेला एका घुमटाखाली आहे. तिथं बहुतेक वेळा आम्ही आणि वारा एवढेच असतो.

पण खुलताबाद खरं कळतं ते जर जरी जर बक्ष यांच्या उरुसात. हा उरूस रबिउल अव्वल महिन्यात भरतो. चांद्र वर्ष असल्याने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. कधी भर पावसात येतो, कधी थंडीत, म्हणून ती दुसरी दिनदर्शिका लागते. पाळणे येतात, भांड्यांची, बांगड्यांची, मिठाईची दुकानं लागतात, खाज्याचे ढीग रचले जातात. त्याच महिन्याच्या बारा तारखेला प्रेषितांचा मानला जाणारा झगा दर्शनासाठी वर्षातून एकदाच काढतात, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत आसपासच्या खेड्यांतले शेतकरीही असतात, डोक्याला रुमाल बांधलेले, लेकराला खांद्यावर घेतलेले. त्यांना ही आपली जत्रा वाटते, आणि ती आहेच.

याच गावात भद्रा मारुती आहे, निजलेल्या रूपातला. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून लोक पायी निघतात आणि शनिवारी पहाटे दर्शनाला पोहोचतात. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री तर सगळा रस्ताच चालत असतो. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर. वाटेत दौलताबादचा जुना दरवाजा लागतो. एरवी त्यात एक बस शिरली की दोन्हीकडे रांगा लागतात. त्या रात्री त्यातून फक्त माणसं वाहतात. मंडळं रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून चहा, पाणी, साबुदाण्याची खिचडी, केळी वाटतात. पैसे विचारले तर त्यांना राग येतो. पुण्या-मुंबईच्या ज्या पाहुण्यांना मी या रात्री चालवत नेलं, त्यांनी पुढं लेण्यांचा विषय काढण्याआधी त्या खिचडीचा काढला. घाट चढताना अनोळखी माणूस हातात कागदी डिश देतो आणि पुढच्याकडे वळतो, याची सवय मोठ्या शहरातल्या माणसाला उरलेली नसते.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर नान खलियाचा मान आधी. मोठ्या देगीत मंद आचेवर शिजलेला मटणाचा तिखट पातळ रस्सा आणि तंदूरमधून निघालेला, वरून हळद-गुळाचं पाणी फिरवल्याने सोनेरी दिसणारा नान. तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तेव्हा वाटचालीतल्या फौजेसाठी ही रीत निघाली, असं इथले जुने लोक सांगतात. तुघलक परत गेला, नान राहिला. तो हॉटेलच्या मेन्यू कार्डावरून मागवू नका. जुन्या मोहल्ल्यातल्या साध्या खानावळीत बसा, नान हाताने तोडा, आणि रस्सा पुन्हा मागा. वाढणाऱ्यालाही बरं वाटतं.

दौलताबाद ते खुलताबाद या पट्ट्यात अजून दोन थांबे मी चुकू देत नाही. कागजीपुरा हे हातकागदाचं गाव, जिथं लगद्याच्या हौदातून चौकट उचलताना कारागिराचं मनगट बघत राहावं. आणि रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या टोपल्यांत दौलताबादचं सीताफळ असतं. आज खायचं, उद्या खायचं, परवा खायचं, असं सांगितलं तर त्या तसं वेगवेगळं निवडून देतात.

आता पैठण. शहरापासून पन्नास किलोमीटर. लोक नाथसागर आणि ज्ञानेश्वर उद्यानासाठी जातात, जमलं तर पैठणीच्या केंद्रात मागावर बांगडी-मोर विणला जाताना पाहतात. हे सगळं चांगलंच आहे. धरणावरून परतताना रस्त्यालगत तळलेली ताजी मासळी खाल्ली नाही असा मांसाहारी पाहुणा मी तरी पाहिलेला नाही. पण पैठणचं वर्ष फिरतं ते फाल्गुन वद्य षष्ठीभोवती. 1599 साली याच तिथीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. गावातल्या नाथवाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपात देव नाथांच्या घरी पाणी भरत होता, ही श्रद्धा. तुकाराम बीजेपासून त्यात गोदावरीचं पाणी घागरी-घागरींनी ओतायला सुरुवात होते, आणि रांजण भरून वाहिला की देव यात्रेला आले असं मानतात. षष्ठीला दिंड्या येतात, वाळवंटात राहुट्या उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुलीवर पिठलं-भाकरी होते, आणि अष्टमीला काला. दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींचं स्थान मी आवर्जून दाखवतो ते यासाठीच. ते त्या किल्ल्याचे किल्लेदार आणि नाथांचे गुरू. किल्ल्यावर त्यांचं नाव ऐकलेला पाहुणा नाथवाड्याच्या उंबऱ्यात आला की त्याला ओळखीच्या घरी आल्यासारखं होतं.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात राहणारं एक मराठी कुटुंब सुट्टीत आलं होतं. त्यांच्याजवळच्या पेला नावाच्या लहानशा गावाबद्दल त्यांनी सांगितलं. डच लोकांनी 1847 साली वसवलेलं ते गाव 1935 पासून दर वसंतात ट्यूलिपचा उत्सव करतं. मिरवणुकीआधी गावकरी लाकडी बूट घालून रस्ते घासतात, बेकरीत इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची बदामाची मिठाई मिळते, आणि त्या काही दिवसांसाठी लोक लांबून येऊन तिथं राहतात. तिथं ना कैलास लेणं आहे, ना बाराव्या शतकातला किल्ला. आपलं वर्ष त्यांनी पाहुण्यांसाठी उघडं केलं आहे, एवढंच. आमच्या गावांचं वर्ष तर आधीपासूनच भरलेलं आहे.

त्याच कुटुंबाला मी हुरड्याला नेलं. डिसेंबर-जानेवारीत दाणा चिकात असतो तेव्हाचे मोजके आठवडे. आगटीत गोवऱ्या रसरसलेल्या, त्यात ज्वारीची कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. गरम असेतोच खायचा. थंड हुरडा म्हणजे नुसते दाणे. ऊस आणि कपाशीने ज्वारीची पुष्कळ रानं घेतली, म्हणून जो शेतकरी हुरड्यासाठी अजून सुरती ज्वारी पेरतो त्याच्याकडे दोन पैसे जास्त द्यायला मी पाहुण्यांना संकोच न करता सांगतो. त्या कुटुंबातला मुलगा हात काळे करून तासभर कणसं चोळत बसला होता, आणि शेतकऱ्याची आई त्याला दाण्यातलं कूस फुंकून कसं काढायचं ते शिकवत होती.

हे सगळं वाचून निघणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. जत्रेच्या दिवशी मोठी बस नेऊ नका. गावाबाहेर सोडा आणि चाला. दर्ग्यात डोकं झाका, फोटोआधी विचारा, दिंडीत फोटो काढायचा तर आधी चार पावलं सोबत चाला. अन्नछत्रात जेवलात तर तिथल्या पेटीत काहीतरी टाका. अजिंठ्याला जाणार असाल तर लेण्यांवरून थेट परत फिरू नका. अजिंठा गावात या, जुनी तटबंदी आणि सराई पाहा, 1856 साली वारलेल्या पारोची कबर पाहा. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलबरोबर तिचं नाव जोडलं जातं. चहा गावातच घ्या. वेरूळ मंगळवार टाळून ठेवा, आणि दोन दिवसांऐवजी तीन रात्री धरा: एक शहरात, एक वेरूळ-खुलताबादकडे, एक पैठणला. तारीख मात्र मला विचारून ठरवा. पंचांग माझ्याकडे आहे.