बोगद्याच्या छतावरचं पोवळं

पोवळं आपल्या मराठी घरांना नवीन नाही. पत्रिकेत मंगळ असला की बोटात पोवळ्याची अंगठी येते, आणि जुन्या आज्यांच्या डब्यात पोवळ्यांची एखादी माळही सापडते. पण हे पोवळं वाढतं कुठे आणि कसं, हे बडोद्याला आमच्या घरी कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मला ते कळलं स्पेनच्या समुद्रात, खडकातल्या एका बोगद्यात.

कामानिमित्त दोन वर्षं मी बार्सिलोनात आहे. तिथून उत्तरेला, गाडीने दोन तासांच्या आत एस्तार्तित नावाचं किनाऱ्यावरचं गाव लागतं. गावापासून साधारण एक किलोमीटरवर मेदेस नावाची सात खडकाळ बेटं आहेत. वर पाहायला फारसं काही नाही. पांढरट चुनखडी, खुरटी झुडपं आणि कलकलाट करणारे समुद्रपक्षी. खरी श्रीमंती पाण्याखाली. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे या खडकांत हजारो वर्षांत गुहा आणि आरपार बोगदे तयार झाले आहेत. एकाचं नाव 'दोफी', म्हणजे डॉल्फिन. दुसऱ्याचं 'ला वाका', म्हणजे चक्क गाय!

तिथे जायच्या आदल्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. ताईच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे आणि पत्रिकेत मंगळ निघाला. "तू तिकडेच आहेस, तर येताना एक अस्सल इटालियन पोवळं घेऊन ये. इथे रंगवलेलं गळ्यात मारतात," आई म्हणाली. मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

स्कूबा डायव्हिंग मी अंदमानात शिकले. तिथलं पाणी कोमट, प्रवाळ उन्हात पसरलेले. भूमध्य समुद्राचा स्वभाव वेगळा. सप्टेंबर असूनही जाड रबरी सूट घालावा लागला. खाली रंगीत बागेऐवजी उभे कडे, आणि त्यांना लगडलेले जांभळे सागरपंखे. एका कपारीतून हेकरूच्या जातीचा, चांगला माझ्या मांडीएवढा मासा बाहेर आला आणि न घाबरता आमच्याकडे बघत राहिला. 1983 पासून या बेटांभोवती मासेमारी आणि समुद्रातली कुठलीही जिवंत वस्तू काढायला बंदी आहे. बुड्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे. माणसाला न भिणारे मासे ही त्या बंदीची कमाई.

आमची वाटाडी साठीच्या घरातली एक कॅटलन बाई होती. बोटीवरच तिने बजावलं होतं, "बोगद्यात छताखाली थांबायचं नाही. फोटोसाठीसुद्धा नाही." आपण सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे वर जाऊन छताला अडकतात. तिथे हवेचा खिसा तयार होतो आणि छतावरचे जीव पाण्याबाहेर पडल्यासारखे कोरडे होऊन मरतात. आपला साधा श्वाससुद्धा कुणाला मारू शकतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बोगद्याच्या तोंडाशी क्षणभर छातीत धडधडलं. वर पाण्याऐवजी दगड असला की मनाला ते लगेच कळतं. पण पलीकडच्या टोकाला निळा उजेड दिसत होता. त्याच्यावर नजर ठेवून मी सावकाश श्वास घेत पुढे गेले. दोन्ही भिंती काळपट दिसत होत्या. मध्यावर वाटाडीने टॉर्च छताकडे वळवला आणि सगळं छत एकदम लाल झालं. कुंकवाचा करंडा सांडावा तसं.

पाण्यात खोल जाताना लाल रंग सगळ्यांत आधी नाहीसा होतो, म्हणून उजेड पडेपर्यंत ते पोवळं काळंच दिसत होतं. बोट-बोटभर लांबीच्या फांद्या उलट्या लटकत होत्या आणि प्रत्येकीवर जुईच्या कळीहून लहान, पांढरी, आठ पाकळ्यांची फुलं उमललेली. ती फुलं नव्हेत, जिवंत प्राणी आहेत. युरोपातही कित्येक शतकं लोक पोवळ्याला झाडच समजत. 1720 च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने ते प्राणी असल्याचं सांगितलं, तेव्हा विद्वानांना ते पटलं नव्हतं. पोवळं कमी उजेडाच्या जागी वाढतं, कारण उजेडात शेवाळ त्याची जागा बळकावतं. आणि वाढतं किती? फांदीची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. अंगठीतल्या 8 मिलिमीटरच्या खड्यामागे 16 वर्षांहून जास्त काळ असतो.

आपलं पोवळं या समुद्रातून येतं, हे नातं फार जुनं आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात बॅरिगाझा बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तिच्यात पोवळं आहे. बॅरिगाझा म्हणजे भरूच, आपल्या बडोद्यापासून सत्तरेक किलोमीटरवर! त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की रोमन बायकांना भारतीय मोत्यांचं जेवढं अप्रूप, तेवढंच भारतीयांना पोवळ्याचं. मागणी इतकी, की जिथे ते निघतं तिथेच ते दिसेनासं झालं आहे, अशी त्याची तक्रार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची! आता त्यात उष्णतेची भर पडली आहे. 1999 आणि 2003 च्या कडक उन्हाळ्यांत या समुद्राच्या वायव्य भागात पाणी इतकं तापलं, की पोवळी आणि सागरपंखे मोठ्या प्रमाणावर मेले.

त्या रात्री मी आईला फोन केला आणि पोवळं आणणार नाही म्हणून सांगितलं. मंगळ खरा की खोटा हा वाद घातला नाही. तो आमच्या घरात बाबांच्या काळापासून चालू आहे. मी एवढंच म्हटलं, "आजीची अंगठी लॉकरमध्ये पडून आहे, ती दे ना तिला."

"दुसऱ्याचं रत्न घालू नये म्हणतात गं."

"दुसऱ्याचं कुठे? पणजीचं आहे."

आई गप्प झाली. मग छताबद्दल विचारू लागली. केवढं होतं, उलटं कसं लटकतं, हात लावलास का. हात लावला नाही म्हटल्यावर "बरं केलंस" म्हणाली. चार दिवसांनी तिने गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, शुद्ध करून घ्या, चालेल.

भाचीचा मेसेज आला तो मात्र वेगळाच होता. "मावशी, मंगळाचं मला काही वाटत नाही. पण पणजीची म्हणून घालीन. आणि मला पण शिकायचंय डायव्हिंग." अंगठी सध्या मांडवीजवळच्या सराफाकडे माप वाढवायला दिली आहे. डायव्हिंगचं मात्र आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.