भावाचा फळा

मस्जिद बंदराजवळच्या वडगादीत एका रंगरसायनांच्या पेढीवर मी तीस वर्षे मेहताजी होतो. रोज सकाळी शेठ भाव सांगत आणि मी ते खडूने फळ्यावर उतरवीत असे. कालचा आकडा पुसायचा, आजचा लिहायचा. ह्यापलीकडे त्या फळ्याला काही अर्थ असेल, असे मला कधी वाटले नाही.

२०१९ साली २१ मार्चला धुळवड होती. पेढी बंद; मी चाळीत नखशिखांत रंगलेला. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तो फोन थांबेनात. चीनमध्ये जिआंग्सू प्रांतात शियांगशुई येथे रसायनांच्या एका कारखान्यात प्रचंड स्फोट झाला होता. रंग बनवायला लागणारी रसायने त्या भागातून जगभर जात. पुढे ती सारी औद्योगिक वसाहतच बंद करण्याचे ठरले. भाव भराभर चढले आणि आमच्या गोदामात जुना माल पडून होता! शेठ म्हणाले, "मेहताजी, पेढे आणा." मी आणले. दोन खाल्ले, चार घरी नेले.

"कसले हो पेढे?" हिने विचारले. मी हकीगत सांगितली. ती क्षणभर थांबून म्हणाली, "आणि तिकडची माणसं?"

मी वर्तमानपत्रे चाळली. मृतांचा आकडा अखेर ७८ वर गेला. स्फोट झाला तेव्हा तिकडे दुपारचे पावणेतीन वाजले होते, म्हणजे आपल्याकडे सव्वाबारा. मी शेजाऱ्याच्या डोक्यावर गुलाल उधळीत होतो ती घटका! तो पेढा मला कडू लागला असे लिहिले तर शोभून दिसेल. पण ते खोटे होईल. पेढा गोडच लागला होता. लाज वाटली ती त्याचीच.

तेव्हापासून मला फळा वाचता येऊ लागला. १८९७ साली लुड्विग्सहाफेनच्या बीएएसएफ ह्या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्या साहेबांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने चंपारणच्या कुळांच्या गळ्यात बांधला. १९१७ साली गांधीजी तेथे गेले ते ह्या कुळांसाठी. पण फळा कोणाचाच मिंधा नसतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाचा स्वस्त वायू आटला आणि खुद्द लुड्विग्सहाफेनलाच खर्च परवडेना. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या कंपनीने तेथील अमोनियाचा एक कारखाना बंद करण्याचे आणि एकंदर सुमारे २,६०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वेळी दक्षिण चीनमध्ये झांजियांग येथे तिचाच सुमारे १० अब्ज युरोंचा नवा प्रकल्प उभा राहत होता. एका गावची चूल विझत होती, दुसऱ्या गावची पेटत होती. आणि आम्ही वडगादीत बसून त्याला 'मंदी' आणि 'तेजी' म्हणत होतो!

आता मी निवृत्त आहे. पेढीवर भाव मोबाईलवर येतात. तो फळा मी मागून घरी आणला. त्यावर नात चित्रे काढते. लक्ष्मीपूजनाला शेठ अजून अगत्याने बोलावतात. यंदाही जाईन, चोपडीला हात जोडीन, पेढाही घेईन. फक्त तो तोंडात टाकण्यापूर्वी शेठना विचारीन, "हा कुणाच्या घरून आला?"