कीस

शब्दाचा कीस काढणे हा उद्योग आपल्या वर्गातील मंडळींना नवा नाही. नियमावलीतील एका 'शक्यतो'वरून दोन खात्यांमध्ये वर्षानुवर्षे टिपणांची देवघेव चालते, आणि शेवटी मूळ प्रश्न कोणता होता हे पाहण्यासाठी फाईल पहिल्या पानापासून उलटावी लागते. परंतु हा वाक्प्रचार ज्या कोणी रूढ केला, त्याच्या डोळ्यांपुढे किसणी आणि बटाटा ही जोडी असावी. लोखंडाचा कीस त्याने पाहिलेला नसावा. तो पाहिला असता, तर निरर्थक खटाटोपाला त्याने हे नाव खचितच दिले नसते.

आमचा संबंध आला तो या दुसऱ्या किसाशी. गंगेकाठच्या ज्या गावी आमची नेमणूक आहे, तेथील कारखान्यात शिकाऊ मुलांच्या अभ्यासक्रमात धातुकर्तनाची मूलतत्त्वे हा विषय असतो, आणि वर्षातून काही व्याख्याने आमच्याकडे येतात. पहिल्या व्याख्यानात आम्ही एकच प्रश्न विचारतो: लेथवर फिरणाऱ्या सळईला हत्यार लावले म्हणजे नेमके काय होते? मुलांचे उत्तर दरवर्षी तेच. हत्याराची धार धातूत शिरते आणि विळीने भोपळ्याची फोड व्हावी तसा धातूचा थर वेगळा होतो.

उत्तर चुकीचे आहे. पण त्यासाठी मुलांना हसण्याचे कारण नाही. यंत्रशास्त्रात ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या जर्मनीच्या फ्रान्त्स रूलो यांनी 1900 साली असेच काहीसे लिहिले होते. कुऱ्हाडीच्या घावापुढे जशी लाकडात चीर धावते, तशी हत्याराच्या पुढे धातूत चीर पडत जाते, अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः त्यापूर्वी तीस वर्षे, 1870 साली, रशियातील इव्हान टिमे यांनी किसाचे खरे मर्म सांगून ठेवले होते, आणि 1881 साली इंग्लंडमध्ये मॅलॉक यांनी किसाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला दुजोरा दिला होता. सत्य आधी सापडावे आणि थोरांच्या चुकीने ते मागाहून झाकले जावे, हा प्रकार केवळ आपल्या कचेऱ्यांतच घडतो असे नाही.

मर्म असे की, लोखंड कापले जातच नाही, ते सरकते. लेथच्या हत्याराला विळीसारखे पातळ पाते नसते. त्याच्या धारेचा कोन 70-80 अंशांचा, म्हणजे जवळजवळ काटकोनच असतो. असे बोथट दिसणारे पाचर पोलादात शिरेल कसे? ते शिरत नाही, ढकलते. ढकललेला धातू दाबला जातो, आणि दाब सोसेनासा झाला म्हणजे एका तिरकस पातळीवर त्याचा एक अतिशय पातळ थर पुढच्या थरावरून घसरतो. त्याच्या मागोमाग दुसरा, मग तिसरा. पत्त्यांची चळत टेबलावर ठेवून एका बाजूने रेटली असता एकेक पान दुसऱ्यावरून सरकत जाते, तोच हा प्रकार. पत्त्यांची ही उपमा फिनलंडच्या पीस्पानेन यांनी 1937 साली दिली, आणि पुढे 1940 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत सिनसिनाटी येथे मर्चंट यांनी तिला गणिताची भक्कम बैठक दिली. रमी खेळणाऱ्या आमच्या क्लबातील सभासदांना ही उपमा समजावून देण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

याचा पुरावा पाहण्यास सूक्ष्मदर्शकही लागत नाही. आमच्या प्रशिक्षण शेडमध्ये जे मिस्त्रीजी आहेत, त्यांनी मर्चंट कोण हे कधी ऐकले नसेल. पण मुलांकडून ते एक प्रयोग करवून घेतात. 50 मिलिमीटर व्यासाच्या मऊ पोलादी सळईवर लांबीच्या दिशेने एक खाच पाडावयाची आणि मग सळई कातावयास घ्यावयाची. खाचेशी आला की कीस तुटतो. म्हणजे प्रत्येक तुकडा बरोबर एका फेऱ्याचा. सळईचा परीघ 157 मिलिमीटर, तेव्हा कीसही तेवढाच लांब भरावयास हवा. मुले दोरा लावून मोजतात, तो भरतो 60च्या घरात! उरलेले लोखंड गेले कोठे? कोठेच नाही. कीस लांबीने आखडला तेवढाच जाडीने फुगला. 60ला 157ने भागले आणि हत्याराचा माथा 10 अंश कललेला धरला, तर ती तिरकस पातळी सुमारे 22 अंशांची निघते. जे डोळ्यांना कधीच दिसत नाही, त्याचा कोन दोरा आणि थोडी त्रिकोणमिती यांनी हाती लागतो. हे गणित फळ्यावर सुटते त्या क्षणी मागच्या बाकावरची मुलेदेखील मान वर करतात, हा आमचा आजवरचा अनुभव आहे.

आणि एवढ्या थरांनी एकमेकांवरून घसरावयाचे म्हणजे उष्णता निर्माण होणारच. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरीत असताना काउंट रम्फर्ड यांच्या हे ध्यानी आले. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतले, घोड्यांकरवी यंत्र फिरविले, भोवती पाणी ठेवले, आणि अडीच तासांनी विस्तवावाचून ते पाणी उकळू लागले. 1798 साली त्यांनी याविषयीचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. उष्णता हा कोणी द्रव पदार्थ आहे या कल्पनेला त्याने मोठाच धक्का दिला. म्हणजे पदार्थविज्ञानातील एका थोर सिद्धान्ताचा उगम कारखान्यातील किसाच्या ढिगाऱ्यात आहे. वेगाने कातताना यातील बराच मोठा भाग कीस स्वतःबरोबर घेऊन जातो, आणि म्हणूनच त्याच्या अंगावर रंग चढतो: आधी गवती पिवळा, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या सुमारास निळा. मिस्त्रीजी हत्याराची प्रकृती या रंगांवरून ओळखतात, वैद्याने जीभ पाहावी तशी.

किसाच्या जातीही अनेक. बिडाचा कीस भुग्यासारखा तुटून पडतो, पितळेचा टोचरा आणि आखूड, मऊ पोलादाचा मात्र फितीसारखा अखंड. कधी कधी संथ वेगाने कातताना कामाच्याच धातूचा एक गोळा हत्याराच्या धारेवर चिकटून बसतो आणि धारेऐवजी तोच कातू लागतो. साहेब दौऱ्यावर असता पेशकाराने साहेबी करावी तसे हे आहे. काम चालू राहते, परंतु पृष्ठभाग खरबरीत निघतो, आणि तो गोळा निसटला म्हणजे धारेचा टवकाही घेऊन जातो.

येथवरचा विषय निर्वेध आहे. फ्रेडरिक टेलर यांचे नाव निघाले की मात्र त्यात माणसे येतात. 1880 साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्यांनी कर्तनाचे प्रयोग आरंभिले. सहा महिन्यांत काम आटोपेल असा अंदाज होता. लागली 26 वर्षे. आठ लक्ष पौंड लोखंड आणि पोलाद यांचा कीस करून त्यांनी 1906 साली अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्षीय भाषणात आपले निष्कर्ष सांगितले. दरम्यान मॉन्सेल व्हाइट यांच्या साहाय्याने त्यांनी असे पोलाद सिद्ध केले होते की, 1900च्या पॅरिस प्रदर्शनात हत्याराचे टोक लाल होऊनही ते कातीत राहिले आणि निळा कीस उसळत राहिला. त्यांचे समीकरण आजही प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ करावे लागते. त्याचा भावार्थ साधा आहे, पण परिणाम भयंकर. त्या जातीच्या पोलादी हत्याराला सर्वसाधारणपणे लागू पडणारा घातांक घेतला, तर वेग दुप्पट करताच हत्याराचे आयुष्य 256 पटींनी घटते. जे हत्यार 60 मिनिटे टिकले असते, ते 14 सेकंदांत मरते. वेग केवळ दहा टक्क्यांनी वाढविला तरी आयुष्य निम्म्याहून खाली येते. उत्पादनाचे आकडे वाढवा असे परिपत्रक काढणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

टेलर यांना केवळ ज्ञान नको होते. कोणता वेग, किती खोल काप, हे ठरविण्याची जी अक्कल कारागिराच्या डोक्यात होती, ती तेथून काढून नियोजन कचेरीतील सरकपट्टीवर आणावयाची होती, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिलेही आहे. कारागीर मुकाट्याने हे सोसतील अशी अपेक्षा करणे चूक होते. 1911 साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात घड्याळ लावून काम मोजण्यास प्रारंभ झाला, तेव्हा तेथील साचेकारांनी काम बंद केले आणि प्रकरण अमेरिकन संसदेच्या चौकशीपर्यंत गेले. आम्ही टेलर यांच्या गणिताचे चाहते आहोत. त्यांच्या हेतूचे नाही. कारागिराचे ज्ञान लिहून काढणे हे पुण्यकर्म होय. ते लिहून झाल्यावर कारागिरास जाणून घेण्याची मनाई करणे ही निराळी गोष्ट.

हे सारे आज लिहावयास घेण्याचे कारण म्हणजे आमच्या टेबलावर आलेला एक प्रस्ताव. शेडमधील चौदाही जुनी लेथ यंत्रे भंगारात काढावीत. त्यांच्या जागी संगणकाच्या पडद्यावर काम शिकविणारी यंत्रणा आणि दोन संगणकचालित लेथ बसवावेत. चौदांपैकी काही यंत्रे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याची आहेत. 1941 साली निघालेला तो कारखाना पुढे बंद पडला. पण कानडी मुलुखात बनलेल्या यंत्रावरील ते मराठी आडनाव या हिंदी गावात वाचताना आम्हांस अजूनही गंमत वाटते. बाकीची बहुतेक बंगलोरच्या, 1953 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सची. प्रस्ताव मांडणारे आमचे तरुण सहकारी हुशार आणि कळकळीचे गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या हाती एक असे कारण आहे की ज्यापुढे जुन्याची माया लंगडी पडते.

गेल्या वर्षी शेडमध्ये एका मुलाचा हात कापला. मऊ पोलाद कातताना अखंड कीस निघत होता आणि कामाभोवती गुंडाळत होता. यंत्र न थांबविता, हातमोजा घातलेल्या हाताने त्याने तो ओढला. मोजा किसात अडकला. तर्जनी आणि मधले बोट यांच्या कंडरा तुटल्या. त्या शिवल्या गेल्या, परंतु तर्जनी पुरी मिटत नाही. मुलाचे वडील दोन रात्रींचा प्रवास करून आले होते. ते आमच्यासमोर बसले, चहा घेतला, आणि त्यांनी तक्रारीचा एकही शब्द काढला नाही. एवढेच विचारले, "साहब, इस हाथ से नौकरी तो मिल जाएगी न?"

संगणकचालित यंत्राचे दार बंद असते. आत हात जात नाही. सहकाऱ्यांचे हे म्हणणे आम्हांस मान्य आहे, आणि दोन नवी यंत्रे यावीत अशी शिफारस आम्ही बिनशर्त केली. पण चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या दिवशी मिस्त्रीजी रजेवर होते. कीस अखंड निघू लागला तर हत्याराच्या माथ्यावर धारेलगत एक लहान पायरी घासावयाची असते. किसाची फीत तिच्यावर आदळून वळते आणि तुटते. तेही न जमले तर हत्याराचा पुढे सरकण्याचा दर किंचित वाढवावयाचा, म्हणजे कीस जाड होतो आणि जाड कीस लवकर मोडतो. हे त्या मुलास कोणी सांगितले नव्हते. फाईलवर मात्र अपघाताचे कारण म्हणून यंत्राचे वय नोंदले गेले आहे.

नव्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक आम्ही दोनदा पाहिले. पडद्यावर हत्यार सळईला भिडते, आणि जेथे ते भिडते तेथील धातू नाहीसा होतो. सळई गुळगुळीत, चकचकीत, मापाबरहुकूम उतरते. कीस मात्र पडतच नाही. तो अखंड की तुटका, पिवळा की निळा, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. दाखविणाऱ्या गृहस्थांना आम्ही याविषयी विचारले, तेव्हा ते सौजन्याने म्हणाले की, कीस दाखविण्याचे काही प्रयोजन नव्हते. ही मुले उद्या दार बंद असलेल्या यंत्रांपुढे उभी राहतील, आणि आत कीस गुंडाळून काम अडले म्हणजे दार उघडून हात घालण्याची पाळी त्यांच्यावरच येणार आहे.

म्हणून आम्ही टिपण लिहिले. आठ यंत्रे काढावीत, सहा ठेवावीत. प्रत्येक मुलाने पहिले तीन महिने या सहांवर काम करावे. यंत्रावर हातमोजे सक्तीने बंद असावेत आणि कीस ओढण्यास आकडा द्यावा, तोही यंत्र थांबवूनच. आणि मिस्त्रीजी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतात, त्यांचे पद रद्द न करता भरले जावे. शेवटच्या मुद्द्यास वित्त विभाग हरकत घेईल हे जाणून त्याखाली मुलाच्या औषधोपचाराच्या खर्चाचा आकडा जोडला. मुलगा आता परत आला आहे. सध्या मिस्त्रीजी त्याला हत्यारे घासावयास बसवितात. न मिटणारी तर्जनी हत्याराच्या पाठीवर सरळ टेकवून तो ती पायरी पाडतो.

फाईल गेल्या सोमवारी वरून परत आली. समासात हिरव्या शाईने दोनच शब्द आहेत: 'चर्चा करावी.'