जुळ्या खाचा

सुरतेत नवा आलेला मराठी माणूस एका शब्दाला हमखास दचकतो. शेजारचे काका प्रेमाने विचारतात, "तमे नवरा छो?" त्यांना म्हणायचे असते, सध्या रिकामे आहात का! शब्दाचे रूप तेच, पोटातला अर्थ निराळा.

लॅपटॉपच्या पोर्टांचेही तसेच असते, हे गेल्या दिवाळीआधी कळले. लेक साड्यांची डिझाइने काढते. सकाळी उधन्याच्या गिऱ्हाइकाला काम द्यायचे होते आणि जोडलेला मोठा पडदा काही उजळेना. यंत्राला टाइप-सीच्या दोन खाचा, अगदी जुळ्या. 2014 साली आलेली ही लांबट, गोलसर खाच. वायर उलटसुलट कशीही बसते. पण एकीतून फक्त चार्जिंग आणि फायली जात, चित्र जाई ते दुसरीतूनच. तिच्याशेजारी विजेची बारीक खूण होती. ती थंडरबोल्टची.

वायरींचाही तोच घोळ. मोबाइलच्या चार्जिंगची वायर बहुधा सेकंदाला 480 मेगाबिट नेते. थंडरबोल्ट 4 ची 40 गिगाबिट, म्हणजे ऐंशीपटीहून अधिक! (किमतीतला फरक आपल्याला आधी कळतो.) खुणा सगळेच उत्पादक छापत नाहीत, हे मला गैर वाटते. माणूस निदान वाक्यात बोलतो, मागचेपुढचे लक्षात येते. मुकी खाच काय सांगणार? माहितीपुस्तिका उघडावीच लागते.

रात्री दोनला डिझाइन पुरे झाले. त्या खाचेशेजारी लेकीने लाल टिकली चिकटवून ठेवली आहे.