करवंटी ते रॉनी स्कॉट्स

माथेरानच्या घोड्याच्या टापा वाजत नाहीत. म्हणजे सिनेमाने आपल्या कानांना सवय लावली आहे तशा वाजत नाहीत. दस्तुरीहून गावाकडे येणाऱ्या तांबड्या वाटेवर खूर पडतो तो दबका पडतो, निम्मा आवाज मातीच पिऊन टाकते. जिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत तेवढ्या तुकड्यावर खूर खणखणतो. पण तो खणखणाट घोडेवाल्याला नकोसा असतो, कारण तिथेच घोडा घसरतो. मोटारींना बंदी असलेलं हे गाव. इथे कान मोकळे असतात, त्यामुळे असल्या बारीकसारीक गोष्टी कळायला लागतात. घोडा साध्या चालीत असला की चार पावलं सुटी सुटी पडतात. दुडकीला लागला की दोन-दोन पाय जोडीने पडतात आणि चाराचे दोन होतात. वेग आणखी वाढला की तीन ठोके आणि मध्ये एक श्वास. पाय तेच चार, ठेका मात्र दर वेळी निराळा.

मग तो 'टप टप टप टप' कुठून आला? तो आला मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतून. ओ. पी. नय्यर यांचा टांग्याचा ठेका आठवा. 1957च्या 'नया दौर'मध्ये पडद्यावर टांगा धावतो, पण स्टुडिओत घोडा कुठला असायला! तिथे असायचा एखादा वादक, हातात नारळाच्या दोन करवंट्या किंवा लाकडी ठोकळे घेऊन, डोळे संगीत संयोजकाच्या हाताकडे लावून बसलेला. त्याने वाजवलेला घोडा इतका पटला की खरा घोडा आपल्याला मुका वाटू लागला.

या मंडळींना स्टुडिओच्या बोलीत 'साइड ऱ्हिदम'वाले म्हणत. तबला-ढोलकवाल्यांना निदान घराणं तरी होतं; यांच्याकडे बोंगो, कोंगा, मराकस, रेसो-रेसो, खंजिरी आणि हाताला लागेल ती वस्तू. कावस लॉर्ड, होमी मुल्लां, मारुतीराव कीर, अमृतराव काटकर ही नावं आज जाणकारांनाच माहीत. राहुलदेव बर्मन यांच्या 'यादों की बारात'मधल्या एका गाण्याच्या सुरुवातीला काचेच्या पेल्यावर ठोका पडतो. 1973पासून तो पेला प्रत्येकाने ऐकला आहे. तो वाजवणाऱ्याचं नाव किती जणांना सांगता येईल? तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. ठेका बिननावाचाच राहिला.

अशा माणसाने उतारवयाकडे झुकताना ठरवलं की आता पुरे, आता मी माझं वाजवणार, तर तो जातो कुठे? बहुतेकदा जाझकडे. अमेरिकेत याचा एक सुरेख दाखला आहे. राल्फ मॅक्डोनल्ड हा हार्लेममध्ये जन्मलेला, मुळात त्रिनिदादच्या घरातला मुलगा. सतराव्या वर्षी हॅरी बेलाफाँटेच्या वाद्यवृंदात शिरला आणि पुढे लोकप्रिय गाण्यांना साथ करत राहिला. मग त्याने स्वतःच्या नावाने तबकड्या काढल्या आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या 1980च्या 'वाइनलाइट'मध्ये सॅक्सोफोनखाली असा काही मऊ ठेका अंथरला की पुढे ज्याला 'स्मूद जाझ' म्हणू लागले त्याची वाट तिथेच मळली. तो नुसता वादकही नव्हता. त्या तबकडीतल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या कर्त्यांमध्ये त्याचं नाव आहे.

स्मूद जाझबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हॉटेलच्या लिफ्टमध्ये, दंतवैद्याकडे ताटकळताना जे ऐकू येतं ते हेच. सगळे कंगोरे घासून टाकलेले. पण मॅक्डोनल्डचा कोंगा ऐकताना गुळगुळीतपणाच्या आत काहीतरी हलतं, आणि ते जाझपेक्षा फंकचं असतं. फंक आपल्याला परका वाटायचं कारणच नाही. जेम्स ब्राउनने 1960च्या दशकात आपल्या वादकांना एकच धोशा लावला होता: पहिल्या मात्रेवर या. मधे काय वाट्टेल ते करा, पण पहिल्यावर सगळे एकत्र. हे आपल्याला कुणी शिकवायला हवं? आपण जन्मभर समेवर मान हलवत आलो. जाझच्या मैफलीत आपला श्रोता दुसऱ्या-चौथ्याच्या जागी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळी देतो आणि शेजारच्याच्या नजरेला नजर देत नाही; फंकमध्ये त्याची अब्रू वाचते.

मुंबईत मात्र हा प्रवास सरळ रेषेत झालाच नाही. इथे जाझ आधी सिनेमात शिरलं होतं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, 1951च्या 'अलबेला'साठी गोव्याच्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याला घेऊन आले. आन्तोनियो झेवियर वाझ हे त्याचं खरं नाव. त्याच्यासारखे हॉटेलांतले कितीतरी गोवेकर स्टुडिओत स्थिरावले. रात्री जाझ, दिवसा गाण्यांचं रेकॉर्डिंग. म्हणून पुढच्या पिढीतला एखादा वादक सिनेमा बाजूला ठेवून जाझकडे वळला, की मला ते स्थलांतर वाटत नाही. गहाण पडलेली वस्तू सोडवून आणल्यासारखं वाटतं.

रणजित बारोट हा तसा वादक. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत त्याची उमेदीची वर्षं गेली, ए. आर. रहमान यांच्याबरोबर त्याने पुष्कळ काम केलं. स्टुडिओतल्या ड्रमवादनाची शिस्त कडक असते: गाण्याच्या आड यायचं नाही, ओळ संपली की छोटा फिलर, पुन्हा मागे. 2007मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन चेन्नईत 'फ्लोटिंग पॉइंट' ध्वनिमुद्रित करत होते तेव्हा ड्रम्सवर तो होता, कीबोर्डवर लुई बँक्स. 2010मध्ये त्याची स्वतःची 'बडा बूम' ही तबकडी आली. पुढे तो मॅक्लॉक्लिन यांच्या 'फोर्थ डायमेन्शन' या चौघांच्या संचातला एक झाला. मार्च 2017मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात या चौघांनी वाजवलं. त्या ध्वनिमुद्रणातल्या एका सोलोसाठी मॅक्लॉक्लिन यांना पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. त्या सोलोच्या मागे ड्रम्सवर आहे तो हिंदी गाण्यांना वर्षानुवर्षं ठेका दिलेला मुंबईकर. गाण्याच्या आड न येण्याची शिस्त इथेही आहे. फक्त आता तो समोरच्याला उलट विचारतोही.

हीच जागा कधीकाळी दुसऱ्या एका मुंबईकराची होती. त्रिलोक गुर्टू, जन्म 1951. 1988च्या सुमारास मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीत तो दाखल झाला. त्याआधी 'ओरेगॉन' या संचातले तबला-सतार वाजवणारे कॉलिन वॉलकॉट 1984मध्ये अपघातात गेले, तेव्हा ती रिकामी जागा त्याने घेतली होती. एका अमेरिकनाचा तबला बंद पडला आणि तो मुंबईच्या पोराने पुढे चालवला, हा उलटा न्याय मला फार आवडतो. तरुणपणी तो पाश्चात्त्य संगीत तबकड्या ऐकून शिकला. एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. ऐकू येतं ते सगळं एकाच माणसाचं असं धरून तो तेवढं सगळं एकटाच वाजवायला शिकला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. अज्ञानाचा इतका फायदा फार थोड्यांना झाला असेल. ड्रम वाजवताना तो स्टुलावर बसत नाही. जमिनीलगत, गुडघ्यावर बसतो. तबला, झांजा, ड्रम सगळं हाताच्या टप्प्यात. शेजारी पाण्याची बादली. वाजवलेली घंटा त्या पाण्यात बुडवली की सूर वाकत खाली उतरतो. जाझच्या दुनियेत गेला, पण बैठक सोडली नाही.

या दोघांत आणखी एक सारखेपणा आहे आणि तो कुणी फारसा बोलून दाखवत नाही. त्रिलोकची आई शोभा गुर्टू, बेळगावात भानुमती शिरोडकर म्हणून जन्मलेल्या. ठुमरीत शब्द कुठे रेंगाळवायचा आणि समेवर किती उशिरा, किती लाजत यायचं हे त्यांच्याइतकं थोड्यांना कळलं. रणजितची आई कथक नर्तकी सितारादेवी. त्यांच्या घुंगरांबद्दल मी काय सांगू! दोघेही वाढले ते बोल ऐकत. कथकात नर्तकी आधी बोल तोंडाने म्हणते, मग पायांनी. पुढे जाझच्या मंचावर हे दोघे ड्रम मध्येच थांबवून तोंडाने बोल म्हणतात, तेव्हा युरोपातला प्रेक्षक थक्क होतो. घरी ते रोजचंच होतं. या मुलांचा ताल वडलांच्या नावे मोजायची सवय आपल्या समीक्षेने सोडायला हवी. इथे घराणं आईचं आहे.

म्हणूनच मॅक्डोनल्डपेक्षा हे दोघे वेगळे पडतात. त्याने साथीची कला साफसूफ करून गुळगुळीत केली आणि तिच्यावर उत्तम संसार केला. यांनी साथ खरबरीत केली. पॉप, सिनेमा, फंक, जाझ ही यांच्यासाठी चाल बदलण्याची गोष्ट आहे, घोड्याने बदलावी तशी, पाय आपलेच.

मुंबईने मात्र त्यांच्यासाठी फारशी जागा राखली नाही. 1978मध्ये निरंजन झवेरी यांनी रंगभवनात जाझ यात्रा सुरू केली. उघड्या आकाशाखाली जगभरचे वादक तिथे येऊन वाजवून गेले. पुढे परिसर शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. कायद्याविरुद्ध माझी तक्रार नाही. बाजूला रुग्णालय आहे. पण त्याच शहरात दहीहंडीला ध्वनिक्षेपकांच्या भिंती वाजतात आणि कोंगा बंद होतो, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

ज्यांना हे ऐकायचं आहे त्यांनी स्मूद जाझपासून सुरुवात करू नये. आधी त्रिलोकची 1988ची 'उस्फ्रेट' ऐकावी. तिच्यात शोभा गुर्टू गातात आणि मुलगा साथीला आहे. मग 'लाइव्ह ॲट रॉनी स्कॉट्स' लावावी, आणि निदान पहिल्यांदा तरी गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रम्स ऐकावेत.