आजीचा गुडघा

नांदेडच्या मित्राने पाठवलेलं मॉडेल झकास होतं. नऊवारी, कपाळावर गोंदण, शेजारी घागर. आमची तीन मिनिटांची फिल्म 2016 च्या लातूरची. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पण फिल्ममध्ये रेल्वे नाहीच. टँकरची वाट बघत रांगेत उकिडवी बसलेली एक आजी आहे, बस्स.

तो मॉडेल करतो, मी इकडे लातूरला रिगिंग. म्हणजे पुतळ्याच्या आत हाडं घालायची आणि कुठलं हाड हललं की कातडी कुठे, किती ओढली जाईल ते ठरवायचं. ब्लेंडरमध्ये हे चक्क रंगवतात: लाल म्हणजे पूर्ण ओढ, निळा म्हणजे शून्य. (सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणून तर आमच्यासारख्यांचं जमतं.) पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्या वरून दोऱ्यांनी नाचवतात. आमचे दोरे आत असतात.

आजी चालली छान. पावलं जमिनीला खिळवून कंबर खाली ओढली की गुडघे आपोआप वाकतात. पण पूर्ण बसवली की गुडघा दाबलेल्या पाइपसारखा चपटा व्हायचा आणि मांडी पोटरीत घुसायची. शिकवण्याचे व्हिडिओ पालथे घातले. त्यातली माणसं धावतात, उड्या मारतात, खुर्चीत बसतात. उकिडवं कुणीच बसत नाही.

शेवटी मोबाइल घेऊन घरच्या आजीकडे गेलो.

"आजी, जरा उकिडवी बस की. गुडघ्याचा व्हिडिओ काढायचाय."

"येड लागलं का लेकरा? दोन वर्सं झाली मला भुईला बसून."

दोन वर्षं. भाकरी उभ्यानं ओट्यावर, देवपूजा खुर्चीत. हे सगळं रोज माझ्यासमोरच चाललं होतं.

"तूच बस," ती म्हणाली. बसलो. तिने माझी पोटरी बोटांनी दाबली. "हे बघ, मांडी टेकली की मांस असं बाजूला पसरतंय. आत कशाला जाईल?"

तेवढं पुरे होतं. गुडघा पूर्ण मिटला की मांडी-पोटरी बाहेर फुगवणारा वेगळा आकार रात्रीतून बनवला आणि पाठवून दिला.

सकाळी मित्राचा फोन. "गुडघा भारी झालाय. पण तुझ्या आजीच्या टाचा वर का उचलल्यात?"

मी तशाच उचलून बसलो होतो. टाचा टेकवून मला बसताच येत नाही.


"आजी, तू रांगेत कशी बसायचीस?"

"कशी म्हणजे? पाय टेकून. दोन-दोन तास बसायलो होतो की आम्ही."

टाचा खाली घेतल्या. गुडघ्याचे रंग परत पहिल्यापासून.